देवीपुढचं हेल्मेट

आमच्या सुरतेतल्या डिंडोलीत मला दोन नावं आहेत. ब्लाउज शिवून हवा असेल तर मी ‘टेलर भाभी’ असते, आणि हसायचं असेल तर ‘लोखंडी भाभी’. दुसरं नाव आमच्या गेटासमोर उभ्या राहणाऱ्या एका रिक्षावाल्याने ठेवलं. भर मे महिन्यात मी जाड जॅकेट, हातमोजे, गुडघ्यांना पॅड, घोट्याच्या वर येणारे बूट आणि हनुवटीसकट तोंड झाकणारं हेल्मेट घालून मोटरसायकल बाहेर काढली, तेव्हा त्याने विचारलं, भाभी, कुठे लढाईला निघालात? मी म्हटलं, रस्त्यावर. त्याला ते उत्तर फारच आवडलं असावं, कारण संध्याकाळपर्यंत नाव सगळ्या गल्लीत पोचलं होतं.

मला नावाचा राग येत नाही. राग येतो त्यामागच्या हसण्याचा. बाई मोटरसायकल चालवते, तीही मोठ्या इंजिनाची, हे लोकांनी कसंबसं पचवलं. पण ती पॅड बांधून, बटणं लावून, पट्टे आवळून चालवते, हे काही कुणाला पचेना. चालवायची तर बिनधास्त चालवा, नाहीतर घरी बसा, असं त्यांचं म्हणणं. मी म्हणते, मी जोरातही चालवणार आणि बांधूनही चालवणार. ज्याला हसायचंय त्याने हसावं, हसण्यावर अजून टोल बसलेला नाही.

आमचं मूळ गाव खानदेशात, अमळनेरकडे. वडील तरुणपणी सुरतेला आले, लूमच्या खात्यात कामाला लागले आणि तिथेच म्हातारे झाले. खातं म्हणजे लूमचा, यंत्रमागाचा कारखाना. आत गेलं की शेजारच्याचं बोलणं ओठांवरून ओळखावं लागतं, एवढा आवाज. वडील कामावर जाताना तेलात भिजवलेला कापूस कानांत कोंबून जायचे. बाकीचे कारागीर त्यांना चिडवायचे, की हा बघा, अत्तराचा फाया लावून आला, कुणाच्या लग्नाला जायचंय? वडील हसायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कापूस घालायचे. म्हातारपणी त्यांचे सोबती गोडादऱ्याला माझ्या माहेरच्या ओट्यावर बसून एकमेकांच्या कानाशी ओरडत, आणि वडील मात्र आत आईने पुटपुटलेलं ऐकून बाहेरून तिला उत्तर देत. कापसाने असा किती आवाज अडत असेल, मला ठाऊक नाही. कदाचित त्यांचे कानच मुळात चांगले असतील. पण चिडवणाऱ्यांकडे बघत रोज कापूस घालणारा माणूस मी घरात पाहिला, आणि त्याचा तो हट्ट माझ्यात पुरेपूर उतरलाय.

वडील आता नाहीत. आई गोडादऱ्यालाच धाकट्या भावाजवळ राहते. भाऊ भेस्तानला एका युनिटात कापडावर छपाई करणाऱ्या मशिनीवर आहे. बत्तीस वर्षांचा झाला तरी लग्नाचं नाव काढत नाही. आई मुली बघते, हा नाकं मुरडतो आणि गाडी पुसत बसतो. मला मोटरसायकल शिकवली त्यानेच. माझ्या नवऱ्याला गाडी येत नाही. तो मार्केटात साड्यांच्या पॅकिंगचं काम बघतो. माझ्या मागे बसला की डोळे मिटून घेतो आणि उतरल्यावर म्हणतो, छान चालवलीस. त्याने काय बघितलं, देव जाणे. पण त्याने मला कधी अडवलं नाही, हे इथे लिहून ठेवते, कारण तेवढंसुद्धा सगळ्यांच्या नशिबी नसतं.

गाडी येऊ लागल्यावर मला वेगाची चटक लागली. हे असंच सांगते, गुळमुळीत नाही. दिवसभर मशिनीवर वाकून बाह्या आणि गळे शिवायचे, गिऱ्हाइकांची कुरकुर ऐकायची, आणि रविवारी सकाळी गाडी सरळ रस्त्याला लागली की पाठीचा कणा ताठ व्हायचा. भावाचा एक ग्रुप आहे, मार्केटातली, हिऱ्याच्या कारखान्यांतली, दुकानांतली पोरं. शहराबाहेर एका बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात लांब सरळ डांबरी पट्टी आहे. मालकाला सांगून ही मंडळी रविवारी सकाळी तिथे जमतात, कारण भर रस्त्यात तसल्या वेगाने गाडी हाकणं म्हणजे दुसऱ्याच्या लेकराच्या जिवाशी खेळ आहे, हे त्यांना निदान पटलेलं आहे. त्या पट्टीवर काटा दीडशेच्या वर जातो. तिथे मी एकटीच बाई, आणि डोक्यापासून पायापर्यंत बांधलेलीही एकटीच.

माझं जॅकेट जुन्या बाजारातलं होतं, खऱ्या चामड्याचं, कुणातरी धिप्पाड माणसाचं. मी ते सगळं उसवलं, माझ्या अंगाचं केलं आणि जाड दोऱ्याने दुहेरी शिवण घातली. कोपर आणि खांद्यांची पॅड्स जिथल्या तिथे बसली पाहिजेत, नाहीतर पडताना ती सरकतात आणि कोपर उघडंच राहतं. हे काम मला कुणी शिकवायला नको होतं. ब्लाउजचा टक्स चुकीच्या जागी आला तर काय होतं ते मला माहीत आहे.

ग्रुपच्या पोरांनीही जॅकेटं केली, पण ती सुरतेच्या पद्धतीने. आपल्या शहरात काय बनत नाही? भावाने स्वतःच्या मशिनीवर पॉलिएस्टरचं कापड छापलं, काळ्यावर लाल ज्वाळा, पाठीवर वाघ. खांद्यांत फोम भरायचा आणि मी शिवून द्यायचं, असा बेत होता. मी नाही म्हटलं. त्या कापडाचा एक धागा काढला, काडी पेटवून त्याला लावली. धागा वितळला आणि टोकाला कडक काळा मणी झाला. हा मणी सुरतेतल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतो, कापूस की पॉलिएस्टर ते आपण असंच बघतो. मी भावाला म्हटलं, डांबरावर घासत गेलास की असा मणी तुझ्या कातडीत होईल. तो म्हणाला, ताई, डिझाईन बघ ना. शेवटी त्यांनी दुसऱ्याकडून शिवून घेतली. वाघ दिसायला सुंदर होता, हे मात्र कबूल.

भावाचं खरं म्हणणं वेगळंच होतं, आणि ते मूर्खपणाचं नव्हतं. तो म्हणायचा, ताशी चाळीसला पडलो तर जॅकेटचा उपयोग. दीडशेला पडलो तर काय जॅकेट आणि काय गंजीफ्रॉक? जाणारा जातोच. मग उगाच उकडून कशाला घ्यायचं? सुरतेचा दमट उन्हाळा ज्याने अंगावर काढलाय त्याला हे लगेच पटतं. जॅकेटच्या आत पाणी वाहतं, हातमोजे काढले की बोटं धुणं धुतल्यासारखी सुरकुतलेली. मला हे माहीत नाही असं थोडंच आहे?

पण मी त्याला सांगायचे, तू भिंतीवर आदळलास तर तुझं खरं. तिथे कुणाचंच काही चालत नाही. पण पट्टीवर भिंत आहे का? तिथे माणूस घसरतो, लोळतो, घासत जातो. त्या घासत जाण्यात तुझी चामडी जायची की गाईची, एवढाच प्रश्न आहे. तो हसायचा आणि म्हणायचा, तू मास्तरीण व्हायला हवी होतीस. वाद तिथेच संपायचा. रागाने माझे कान लाल व्हायचे, पण हेल्मेटमुळे कुणाला दिसायचे नाहीत.

मग मी पडले.

श्रावण लागायच्या थोडं आधीची गोष्ट. मधे पाऊस उघडला होता, पट्टी कोरडी दिसत होती. मी शेवटाकडे येऊन वेग कमी करत होते, तरीही तो बराच होता. पावसाने कडेची रेती वाहून आत आली होती, ती मला दिसली नाही. पुढचं चाक सरकलं आणि गाडी माझ्याखालून निघून गेली. मला आठवतो तो आवाज. चामडं डांबरावर घासण्याचा, जाड कापड दोन्ही हातांनी फाडावं तसा, पण थांबतच नाही असा. मग डोक्याच्या मागच्या बाजूला एक ठोका बसला. मग आकाश दिसलं, आणि मी अजून घासतच चालले होते.

भाऊ पट्टीच्या टोकाला उभा होता. तो धावत आला तेव्हा मी उठून बसले होते आणि बोटं हलवून बघत होते. उजव्या कोपराला जॅकेटचं चामडं पार झिजून आतलं अस्तर दिसत होतं. हातमोज्याच्या तळव्याला भोक पडलं होतं. अंगाला म्हणाल तर घोटा मुरगळला, खांदा सुजला आणि मांडीवर एक जांभळा डाग उठला, तो पुढे हिरवा झाला आणि मग पिवळा. दवाखान्यात डॉक्टरांनी फोटो काढले, डोकं तपासलं, डोळ्यांत उजेड मारला आणि विचारलं, हेल्मेट होतं ना? मी हो म्हटलं. ते म्हणाले, मग घरी जा.

मी वाचले ते पट्टी रिकामी होती म्हणून, तिथे खांब नव्हता म्हणून, आणि अंगावर सगळं होतं म्हणून. यातलं एकही कमी असतं तर मी हे लिहायला बसले नसते, किंवा दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतलं असतं. एवढं मी भावाला दवाखान्याच्या बाकावरच सांगितलं. तो मान हलवत होता. मला वाटलं, समजलं याला.

आई दुसऱ्या दिवशी डिंडोलीला आली. आधी तिने माझ्यावरून मीठ-मोहरी उतरवून जाळली. मग माझ्या सुजलेल्या खांद्यावर हात ठेवून रडली आणि म्हणाली, “कानबाई मायनी तुले वाचाडं.” कानबाई ही आम्हा खानदेशी लोकांची देवी. गाव सुटलं तरी ती सुटली नाही, सुरतेत गल्लोगल्ली बसते. मी म्हटलं, वाचवलं असेल, पण हेल्मेटच्या हातून वाचवलं. आईला तेवढंच ऐकू आलं जेवढं तिला हवं होतं.

आमच्याकडे एक रीत आहे. ज्या कपड्यांत माणूस मरणाच्या दारातून परत येतो, ते कपडे घरात ठेवत नाहीत. मरणाने ते ओळखून ठेवलेले असतात, म्हणे. त्यांना वाहत्या पाण्यात सोडायचं. म्हणून आईने माझं जॅकेट पिशवीत भरलं, तापीला द्यायला. आणि हेल्मेट? हेल्मेटला हात फिरवून तिने बघितलं. मागच्या बाजूला एक ओरखडा, बाकी चकचकीत. एवढं महाग, एवढं धड, ते कसं टाकायचं? शिवाय ते काही कपडा नव्हे. देवीने ज्यातून हात दिला ती वस्तू तर देवीचीच. ते तिने पदराने पुसलं आणि दुसऱ्या पिशवीत घातलं.

म्हणजे बघा, सगळं उलटं. जे ठेवायचं ते टाकायचं आणि जे टाकायचं ते ठेवायचं. जॅकेटला कोपरावर नवा तुकडा लावला की ते पुन्हा उभं राहतं, चामड्याचं तेच तर चांगलं. हेल्मेटचं तसं नाही. त्याची खरी करामत बाहेरच्या चकचकीत कवचात नसते, आत अस्तराखाली थर्मोकोलसारखा जाड पांढरा थर असतो, त्यात असते. डोक्याचा मार तो थर स्वतः दबून, तडकून घेतो. एकदा दबला की उशीसारखा पुन्हा फुगत नाही. बाहेरून कितीही धड दिसलं तरी ते हेल्मेट संपलेलं असतं. हे दुकानदाराने विकतानाच मला सांगितलं होतं, आणि मी आईला सांगितलं. आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि पिशवीला गाठ मारली.

जॅकेटची पिशवी मी तिच्या हातातून ओढून घेतली. माझ्याच घरात आम्ही मायलेकी एका पिशवीची दोन टोकं धरून उभ्या राहिलो. नवरा मधे चहा घेऊन आला आणि चहा घेऊन परत गेला. शेवटी जॅकेट माझ्याकडे राहिलं आणि हेल्मेट तिच्याकडे गेलं. मला वाटलं, असू दे, कपाटावर पडून राहील. कपाटावर पडून राहिलेल्या हेल्मेटने कुणाचं काही बिघडत नाही.

नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसली. मी लंगडत गोडादऱ्याला गेले. चौरंगावर कर्दळीच्या पानांत नारळाची देवी, डोळे लावलेले, नाकात नथ. आणि चौरंगाच्या उजव्या बाजूला माझं हेल्मेट, त्यावर हळदकुंकू, वर झेंडूचं फूल. गल्लीतल्या बाया येत होत्या, देवीच्या पाया पडत होत्या आणि जाताना हेल्मेटलाही हात लावून तो हात कपाळाला लावत होत्या. एकीने आपल्या नातवाचं डोकं त्याला टेकवलं. एकीने मला विचारलं, हे दीडशेवर होतं ना गं? कौतुकाने विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा गोडादऱ्यात माझ्या वेगाचं कौतुक झालं, तेही माझं नाही, हेल्मेटचं. मला हसू आलं, आणि वर रागही.

रोटासाठी, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या पोळ्यांसाठी, आमच्यात घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात. घरात पुरुष आता एकच. आईने भावाच्या नावाने गहू घेतले तेव्हा मूठ चांगली फुगवून घेतली होती, मला दिसलं. तिचा सगळा जीव त्या मुठीत होता. तिला मी अडाणी म्हणणार नाही. तिच्याकडे जे होतं त्याने ती लेकरू झाकत होती, मी चामड्याने झाकते, ती गव्हाने.

सोमवारी देवीची वाजतगाजत बोळवण झाली. देवी पाण्यात गेली, हेल्मेट परत आलं. आणि त्यानंतर काही दिवसांनी भावाने फोनवर सहज सांगितलं, की येत्या रविवारी पट्टीवर जातोय, नवी गाडी मिळालीय एका दोस्ताची, आधीच्या कुठल्याही गाडीपेक्षा जोराची, आणि डोक्यावर तुझंच हेल्मेट घालणार.

मला आधी वाटलं तो माझी मस्करी करतोय. त्याचं स्वतःचं हेल्मेट म्हणजे पोलिसांपुरतं, टोपीसारखं, कॅमेऱ्याच्या चौकात डोक्यावर आणि बाकी वेळ कोपरावर. तो म्हणाला, तू इतकी वर्षं माझ्या मागे लागलीस, आता मी पुरं तोंड झाकणारं घालतोय तर तुला तेही चालत नाही. मी विचारलं, तेच का? तर म्हणाला, “ताई, हाई लकी शे. एकदाव टेस्ट व्हई गयं, पास व्हई गयं. आते यानावर माले भरोसा शे.”

इतकं वाईट मला पडतानाही वाटलं नव्हतं. दवाखान्याच्या बाकावर त्याने मान हलवली होती ती याला. माझं पडणं, माझं वाचणं, डॉक्टरांचं बोलणं, या सगळ्यातून माझ्या भावाने एवढंच उचललं, की हे हेल्मेट चांगल्या पायगुणाचं आहे. आणि आता त्या संपलेल्या, रिकाम्या डबड्यात डोकं घालून तो माझ्यापेक्षा जोरात जाणार होता, कारण देवी सोबत होती. उघड्या डोक्याने गेला असता तर निदान थोडा घाबरून गेला असता.

रविवारी सकाळी मी गोडादऱ्याला पोचले ती मोपेडवर, घोट्याला पट्टी बांधून. भाऊ वाघाचं जॅकेट घालून ओट्यावर बसला होता, बुटाची लेस बांधत. नवी गाडी दारात उभी होती, लाल, खरंच देखणी. आई आत देव्हाऱ्यासमोर हेल्मेटला कुंकू लावत होती, पोराला निघताना द्यायचं म्हणून. मी सरळ आत गेले आणि तिच्या हातातून ते घेतलं.

तिला वाटलं मला पाया पडायचंय. मी पर्समधून छोटी कात्री काढली. माझ्या पर्समध्ये लिपस्टिक नसते, कात्री असते. हेल्मेट उलटं करून मांडीत धरलं आणि आतल्या अस्तराची शिवण उसवायला लागले. आई म्हणाली, “देवीनी वस्तू शे ती. तिले कात्री नको लावू.” भाऊ एका पायात बूट घालून आत आला. माझा हात धरायला वाकला आणि कात्री बघून थांबला. म्हणाला, ताई, मला निघायचंय, दोस्त थांबलेत, दे इकडे.

मी म्हटलं, “ते पास नही व्हयनं. मना बदले मरी गयं ते.”

आमच्या घरात मी आजवर पुष्कळ आवाज चढवलाय, पण हे मी हळूच म्हटलं असणार, कारण ऐकायला दोघंही जवळ सरकले. मला मनातून भीती वाटत होती. अस्तर काढलं आणि आतला पांढरा थर धड निघाला तर? मग आईच्या देवीला कात्री लावणारी मी, आणि भाऊ ते उचलून डोक्यावर चढवणार, आधीपेक्षा दुप्पट विश्वासाने. तरीही मी थांबले नाही. मला जे माहीत आहे ते माहीत आहे, आणि ते मी कुणाच्या भावनांसाठी गिळून बसणार नव्हते, आईच्याही नाही.

अस्तर सुटलं. गालाकडचे गादीचे तुकडे ओढून काढले. मागच्या बाजूला, जिथे तो ठोका बसला होता, तिथे पांढरा थर आत दबला होता, वाटीसारखा, आणि त्या दबलेल्या जागेपासून एक भेग वर टाळूपर्यंत गेली होती. मी त्यात बोट घातलं तर आरपार गेलं. जरा ओढलं तर थराचा तळहाताएवढा तुकडा सुटून माझ्या मांडीवर पडला आणि त्याचे बारीक पांढरे दाणे देव्हाऱ्यापुढे सगळीकडे पसरले. बाहेरचं कवच तसंच होतं, चकचकीत, कुंकू लावलेलं.

भावाने तो तुकडा उचलला, भेगेवरून अंगठा फिरवला आणि नकळत दुसरा हात स्वतःच्या डोक्याच्या मागे नेला, तिथेच. मग माझ्या डोक्याकडे बघितलं. मला वाटतं, त्या दिवशी पट्टीवर मी खरंच पडले होते, हे त्याला आत्ता कळलं.

आई जमिनीवर बसली होती. तिने ते रिकामं कवच माझ्याकडून घेतलं, आत वाकून बराच वेळ बघत राहिली. मी तयारी करून बसले होते, शिव्यांची, रडण्याची, पुन्हा या घरात पाय ठेवू नको म्हणण्याची. तिने दाणे ओंजळीत गोळा केले. मग भावाला नाही, मलाही नाही, देव्हाऱ्याकडे बघून म्हणाली, “कानबाईनी एकदाव झेली लिधं. दर डाव ती काबर झेली?”

देवीने एकदा झेललं, दरवेळी तिने का झेलावं? मी इतकी वर्षं धागे जाळून, थर समजावून, वाद घालून जे सांगत होते ते तिने तिच्या देवीसकट एका ओळीत सांगितलं. मी देवीबद्दल वाद घातला नाही. घालायचा काही उरलाही नव्हता.

भाऊ मात्र सहजासहजी हरणारा नाही. तो म्हणाला, मग आता काय घालून जाऊ? दोस्त वाट बघतायत. मी म्हटलं, आज काही घालून जायचं नाही, कारण आज जायचंच नाही. तुझ्या डोक्याचं हेल्मेट येईपर्यंत ती लाल गाडी दारात उभी राहील, आणि आल्यावर तू जा, मीही येते, आणि बघू कोण पुढे राहतं. तो म्हणाला, माझ्या डोक्याचं म्हणजे? हेल्मेट हेल्मेट असतं. मी म्हटलं, अरे, मी लोकांच्या छातीची आणि कमरेची मापं घेऊन पोट भरते, आणि तुला वाटतं डोक्याला माप नसतं? माझं हेल्मेट तुझ्या डोक्यावर बसलं असतं तरी ते माझ्या मापाचं होतं, तुझ्या नाही.

मी टेप काढली आणि त्याला चौरंगावर बसवलं. तो चिडलेला होता, मान इकडेतिकडे करत होता, फोनकडे बघत होता. दारात गल्लीतल्या दोन बाया येऊन उभ्या राहिल्या, खाली पसरलेल्या पांढऱ्या दाण्यांकडे आणि माझ्या कात्रीकडे बघायला लागल्या. त्यांना काय वाटायचं ते वाटू दे म्हणून मी त्यांच्याकडे पाठ केली. टेप त्याच्या भुवयांच्या वरून मागे नेली, आणि त्याने पुन्हा मान वळवली.

आईने हातातलं कवच खाली ठेवलं, उठून आली आणि दोन्ही हातांनी त्याचं डोकं गच्च धरलं, जावळ काढताना धरलं असेल तसं. मला म्हणाली, “माप ढिलं नको लेऊ.”